दीड वाजताचा पंजाब

पंजाबात भाताची धसकटे पेटवल्याच्या घटना २०२० च्या हंगामात ८३,००२ नोंदल्या गेल्या. पुढच्या वर्षी हा आकडा ७१,३०४ वर आला, २०२२ मध्ये ४९,९२२, २०२३ मध्ये ३६,६६३, २०२४ मध्ये १०,९०९ आणि २०२५ मध्ये अवघा ५,११४. पाच वर्षांत सुमारे चौऱ्याण्णव टक्के घट. एखादी खोड इतक्या झपाट्याने सुटल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे सहजी सापडायचे नाही. पण ज्या शहराच्या नाकातोंडात हा धूर जातो म्हणून एवढा आटापिटा चालला, त्या दिल्लीचा नोव्हेंबर काही या प्रमाणात सुधारलेला नाही. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथला हवेचा निर्देशांक ४९० च्या वर होता, आणि ती मोजपट्टी ५०० ला संपते. आगी गेल्या आणि धूर राहिला, असे हे कोडे आहे. ते सोडवायला बसताना एक साधी गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. वरचे आकडे कुणी शेताच्या बांधावर उभे राहून मोजलेले नाहीत, ते उपग्रहांनी मोजले आहेत. उपग्रह खोटे बोललेला नाही, असेच माझे म्हणणे आहे. त्याला जेवढे विचारले तेवढे त्याने सांगितले. प्रश्नच अपुरा विचारला गेला होता.

आग उपग्रहाला दिसते कशी, इथून सुरुवात करू. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून ज्वाळा दिसत नाहीत, आणि दिसण्याची गरजही नसते. कुठलीही वस्तू तापली की ती अवरक्त प्रकाश फेकते. ती जितकी जास्त तापेल तितका हा प्रकाश लहान तरंगलांबीकडे सरकतो. उन्हातली जमीन दहा-अकरा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त उजळते, तर पेटलेले शेत चार मायक्रॉनच्या आसपास एकदम लखलखते. उपग्रहावरचे उपकरण या दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी पाहते आणि चार मायक्रॉनमधले तेज भोवतालच्या जमिनीपेक्षा फारच वर गेले, तर त्या जागी आगीचा ठिपका मांडते. ही युक्ती फार नाजूक आहे. टेरा आणि अ‍ॅक्वा या नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाचा एक ठिपका एक किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. म्हणजे जवळपास २४७ एकर. तरीही त्यातल्या हजार चौरस मीटरवर, आपल्या हिशेबात दहा गुंठ्यांवर, जाळ असेल तर तो पकडला जातो. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ यांच्यावरच्या व्हिअर्स उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा, साधारण ३५ एकरांचा. तो आणखी बारीक आगी टिपतो. तेव्हा ‘एवढ्या उंचीवरून काय कपाळ दिसणार’ ही शंका रास्त वाटली तरी खरी नाही. दिसते, आणि छान दिसते. पण ते दिसते उपग्रह डोक्यावर असेल त्या क्षणापुरतेच.

खरी गोम इथे आहे. हे सगळे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. एक फेरी सुमारे शंभर मिनिटांची, दिवसाला चौदा फेऱ्या, आणि खाली पृथ्वी फिरत असल्याने प्रत्येक फेरीत नवा पट्टा. त्यांची कक्षा मुद्दाम अशी बेतलेली असते, की एखाद्या जागेवरून ते रोज जवळपास त्याच स्थानिक वेळी जावेत. त्यामागचा हेतू चांगला आहे. ऊन रोज त्याच तिरपेपणाने पडलेले असले, तरच कालच्या आणि आजच्या, गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या चित्रांची तुलना करता येते. १९९९ मध्ये सोडलेला टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास येण्यासाठी बेतला होता, तर २००२ चा अ‍ॅक्वा आणि २०११ पासूनचे व्हिअर्सवाले तिघेही दुपारी दीडच्या सुमारास. (अ‍ॅक्वाचे इंधन संपत आल्याने त्याची कक्षा आता पूर्वीसारखी सावरली जात नाही आणि तो दुपारी उशिराकडे सरकतो आहे, ही त्यातली एक गंमत.) रात्रीही हे दुपारवाले उपग्रह फेरी मारतात, पण तीही दीडच्याच सुमारास. आता भाताच्या धसकटाची आग ही जंगलाच्या वणव्यासारखी दिवसेंदिवस धुमसणारी गोष्ट नव्हे. कंबाइन हार्वेस्टरने वरची लोंबी कापून नेल्यावर मागे उरलेली गुडघाभर धसकटे आणि पसरलेला पेंढा काडी लावल्यावर भडकतो आणि लवकरच राख होतो. आपल्याकडे उसाचे पाचट पेटवलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा वेग ठाऊक असेल. सकाळी दवाने पेंढा ओला असतो, तेव्हा साडेदहाच्या फेरीच्या हाती फारसे लागत नाही. राहता राहिली दीडची फेरी. पंजाबातल्या आगींची सरकारी मोजणी मुख्यतः तिच्यावर उभी आहे. चार वाजता पेटवलेले आणि पाचपर्यंत विझलेले शेत त्या मोजणीच्या लेखी पेटलेलेच नसते.

शेते खरोखर उशिरा पेटतात का? हे सांगणारे साक्षीदार वेगळ्या जातीचे आहेत. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असलेले भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्याने एकाच भूभागाकडे सतत पाहत राहतात. दक्षिण कोरियाचा जिओ-कॉम्पसॅट-२ए दर दहा मिनिटांनी चित्र घेतो, तर हिंदी महासागरावर उभा असलेला युरोपचा मेटिओसॅट दर पंधरा मिनिटांनी. नासाच्या गॉडार्ड केंद्रात काम करणारे हिरेन जेठवा यांनी २०२४ च्या हंगामात कोरियाची चित्रे तपासून दाखवले, की दीडची फेरी निघून गेल्यावर पंजाबावर धुराचे लोट उठतात. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी मेटिओसॅटच्या नोंदी लावून पाहिल्या, तेव्हा आगींचा दिवसभरातला शिखरबिंदू २०२० मध्ये दुपारी दीडच्या सुमारास होता आणि २०२४ पर्यंत तो संध्याकाळी पाचपर्यंत सरकला होता, असे निघाले. आयफॉरेस्ट या दिल्लीतल्या संस्थेने २०२५ च्या अखेरीस हाच मुद्दा आणखी ठसठशीत आकड्यांत मांडला: पंजाबातल्या मोठ्या आगींपैकी २०२१ मध्ये जेमतेम तीन टक्के दुपारी तीननंतर लागत होत्या, २०२४ आणि २०२५ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढेही आला आणि भूस्थिर उपग्रहांच्या नोंदी वापरण्याची चर्चा तिथे झाली.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. उपग्रहाची वेळ चुकवण्यासाठीच शेतकरी उशिरा काडी लावतात, असे म्हणायला या चित्रांत आधार काय? चित्रांत तरी काहीच नाही. हेतू अवरक्त किरणांत दिसत नाही. दुपारनंतर पेंढा अधिक कोरडा असतो, संध्याकाळी तपासणीला येणारा अधिकारी घरी गेलेला असतो, दंडाची आणि गुन्हा नोंदवला जाण्याची धास्ती असते. कारणे अनेक असू शकतात, आणि त्यांतली काही उपग्रहाचे नावही न ऐकलेल्या माणसाची असू शकतात. पण माझ्या मुद्द्याला हेतूची गरजच नाही. वेळ कुठल्याही कारणाने सरकली असली तरी दीडच्या फेरीने केलेली मोजणी त्या प्रमाणात पोकळ होते. चोर घर बदलतो तेव्हा चोरी थांबली असे आपण म्हणत नाही. इथे तर कुणाला चोर ठरवायचीही गरज नाही, नुसते घड्याळ पाहायचे आहे.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि सरकारी बाजूने तो वारंवार मांडला जातो. भूस्थिर उपग्रहाची नजर जाड आहे. तो चाळीस-पन्नासपट दूर असतो, अवरक्त पट्ट्यांत त्याचा ठिपका विषुववृत्तावर ठीक खाली पाहतानाच दोन-तीन किलोमीटरचा असतो, आणि पंजाबाकडे तिरपे पाहताना तो आणखी ताणला जातो. आपला इन्सॅट-३डीआर दर अर्ध्या तासाने पाहतो खरा, पण त्याचा ठिपका चार किलोमीटरचा, म्हणजे चार हजार एकरांच्या आसपास. एवढ्या विस्तारात एका शेताची आग विरघळून जाते. म्हणून या उपग्रहांवरून आगींची यादी करता येणार नाही, हे अगदी बरोबर. पण यादी हवी आहे कुणाला? त्यांच्याकडून आगींची संख्या नको, दिवसाचा आकार हवा: कुठल्या तासाला किती उष्णता उठली, एवढाच. जाड नजरेला मोठ्या आगीच दिसतात हे मान्य, पण ती नजर २०२१ मध्येही तेवढीच जाड होती आणि २०२५ मध्येही तेवढीच. तीच नजर आधी दीडला शिखर पाहत होती आणि आता पाचला पाहते, तर बदल नजरेत झालेला नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. चौऱ्याण्णव टक्क्यांची घट खोटी मानली, तर खरी घट किती? अजिबात नाही? इथे या वादातल्या दोन्ही बाजूंना थोडे नमते घ्यावे लागेल, कारण तिसरा साक्षीदार दोघांनाही पूर्ण पाठिंबा देत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ या जोडगोळीचा दृश्य प्रकाशातला ठिपका दहा मीटरचा आहे. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. म्हणजे आपला जवळपास नेमका एक गुंठा. सात-बारावर शोभावी अशी ही मोजपट्टी आग पाहत नाही, आग लागून गेल्यावर उरलेली काळी जमीन पाहते. राख झालेल्या शेतातून जवळचा अवरक्त प्रकाश कमी परततो आणि लघुतरंग अवरक्त तुलनेने जास्त. त्या फरकावरून जळालेले क्षेत्र काढता येते. आग दीडला लागली की सहाला, याने काही बिघडत नाही. पाच दिवसांनी उपग्रह पुन्हा येईपर्यंत शेतकऱ्याने नांगर फिरवला तर डाग पुसला जातो, वर दाट धूर असेल तर चित्रच वाया जाते, पण चोरट्या तासांची भानगड इथे नाही. आयफॉरेस्टने याच पद्धतीने काढलेला निष्कर्ष असा, की पंजाबातले जळालेले क्षेत्र २०२२ च्या उच्चांकापासून २०२५ पर्यंत सुमारे ३७ टक्क्यांनी घटले. त्याच काळात आगींचा सरकारी आकडा जवळपास ९० टक्क्यांनी घटला. घट खरी आहे. हॅपी सीडर, सुपर सीडर ही पेरणीची यंत्रे आणि पेंढ्याच्या गाठी बांधणारे बेलर यांवर झालेला खर्च पाण्यात गेलेला नाही. (२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पंजाबात महापूर आला आणि पुष्कळ भात हातचे गेले, हेही त्या ३७ टक्क्यांत कुठेतरी धरले पाहिजे.) पण ३७ आणि ९० यांमधले अंतर एवढे मोठे आहे, की दुसऱ्या आकड्यावर धोरण बेतणे म्हणजे ताप उतरला असे समजून औषध बंद करण्यासारखे आहे.

आणखी एक साक्षीदार आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो: खुद्द धूर. आग तासाभरात विझते, धूर दिवसेंदिवस तरंगतो. संध्याकाळी पाचला उठलेला लोट दुसऱ्या दिवशी दीडच्या फेरीला हवेत असतोच, फक्त दोन-अडीचशे किलोमीटर आग्नेयेला सरकलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वायव्येकडून हलका वारा वाहतो, उत्तरेला हिमालयाची भिंत उभी असते, त्यामुळे लाहोरपासून लखनौच्याही पुढे गेलेला राखाडी पट्टा साध्या रंगीत चित्रातही ओळखू येतो. तो धुके नाही हे कसे कळते? दाट धुके पांढरेशुभ्र आणि गुळगुळीत दिसते, धूर मळकट आणि रेघोट्यांचा. शिवाय धुराचे कण इतके बारीक असतात, की दोन मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहिले तर त्यांतून खालची जमीन स्वच्छ दिसते. धुक्याच्या थेंबांतून किंवा धुळीतून ती तशी दिसत नाही. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पुण्यावर जो पांढुरका पडदा उतरला आणि गाड्यांवर पूड साचली, ती कराचीच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आलेली धूळ होती, हे अशाच चित्रांवरून लागलीच सांगता आले. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी वरचे ट्रोपोमी उपकरण यात भर घालते. धूर अतिनील प्रकाश शोषतो, मीठ किंवा सल्फेटचे कण तो शोषत नाहीत. हा फरक ते मोजते. अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडही ते मोजते. हा वायू आठवडेच्या आठवडे टिकतो, म्हणून धुराची वाट काढायला बरा. मग वाऱ्यांच्या नोंदी घेऊन दिल्लीवरची हवा गणिताने मागे मागे नेली, की ती कुठल्या जिल्ह्यांवरून आली ते दिसते.

धुराचे प्रमाण मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एरोसोल ऑप्टिकल डेप्थ नावाचा आकडा वापरतात. हवेतून खाली येताना थेट सूर्यप्रकाश कणांमुळे किती गाळला जातो, ते त्यावरून कळते. स्वच्छ हवेत तो ०.१ च्या आसपास असतो. तो १ झाला की थेट प्रकाशाचा सुमारे ३७ टक्केच भाग सरळ जमिनीपर्यंत पोचतो. जेठवा यांचा युक्तिवाद या आकड्यावरच उभा आहे: आगींची संख्या कोसळली तरी उत्तर भारतावरचा हा आकडा त्याबरोबर कोसळला नाही. यावर आक्षेप येतो, तोही दमदार आहे. हा आकडा आकाशाच्या छतापासून जमिनीपर्यंतचे सगळे कण एकत्र मोजतो. त्यात पराळीचा, म्हणजे भाताच्या धसकटा-पेंढ्याचा, धूर किती आणि वाहनांचा, वीटभट्ट्यांचा, चुलींचा, कारखान्यांचा किती, हे तो वेगळे सांगत नाही. हवेत बाष्प जास्त असेल तर कण फुगतात आणि आकडा आपोआप वाढतो. धूर दोन किलोमीटर उंचीवर असला काय आणि दोनशे मीटरवर असला काय, आकडा तोच येतो, श्वासात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी त्यात एक उणे माझ्याकडून घालतो: धूर अतिशय दाट झाला, की संगणकाची चाळणी त्यालाच ढग समजून बाद करते, म्हणजे सर्वांत वाईट दिवशीच नोंद गायब. म्हणून या एका आकड्याच्या जोरावर ‘आगी कमी झाल्याच नाहीत’ असे म्हणणे चूक आहे. पण तो एकटा नाही. आगींची वेळ सरकली हे एका जातीच्या उपग्रहांनी सांगितले, जळालेले क्षेत्र सरकारी आकड्याच्या मानाने फार कमी घटले हे दुसऱ्या जातीच्या, आणि वरचा धूर तेवढा विरळला नाही हे तिसऱ्या. तिघांच्या चुका वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत. चुका वेगळ्या असूनही उत्तरे एकाच दिशेला जात असतील तर त्या दिशेवर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

वेळ सरकण्याने नुसती मोजणी बिघडली असती तर हा कारकुनी वाद ठरला असता. पण पाचची आग ही दीडच्या आगीपेक्षा वाईट असते. दुपारी जमीन तापलेली असते, हवा उसळून वर जाते, आणि धूर किलोमीटरभर किंवा त्याहून उंच थरात मिसळून पातळ होतो. सूर्य कलला की जमीन निवते, वरच्या उबदार हवेचे झाकण बसते आणि तोच धूर काही शे मीटरांत कोंडला जातो. तशाच अवस्थेत रात्रभर दिल्लीकडे सरकतो. हा प्रकार पंजाबात पहिल्यांदा घडलेला नाही, हे विशेष. २००९ मध्ये पंजाब आणि हरियाणाने भूजल वाचवण्यासाठी कायदे केले आणि भाताची लावणी जूनच्या मध्यापर्यंत पुढे ढकलली. पाण्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण लावणी पुढे गेली म्हणून कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीपर्यंतचा अवधी दोन-तीन आठवड्यांवर आला, आणि धसकटे पेटवण्याचे दिवस सरकून नेमके त्या काळात गेले जेव्हा हवा थंड, वारा मंद आणि आकाशाचे झाकण खाली आलेले असते. आधी कायद्याने आग वर्षातल्या चुकीच्या आठवड्यात नेली, आता मोजणीने आणि दंडाने ती दिवसातल्या चुकीच्या तासात नेल्यासारखे दिसते.

मोजणीतली चूक तिथेच थांबत नाही, ती पुढे वाहत जाते, आणि या साखळीची एक कडी पुण्यात आहे. दिल्लीच्या हवेत आज पराळीचा वाटा किती, हा जो टक्का नोव्हेंबरात रोज वर्तमानपत्रांत येतो, तो पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या प्रणालीतून येतो. ही प्रणाली उत्तम आहे, तिच्यामागचे वारे आणि रसायनांचे गणित आधुनिक आहे. पण त्या गणिताला पंजाबात आज किती जळले हे कुठूनतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्यात उपग्रहांनी टिपलेल्या आगींचा मोठा भाग असतो. आग न दिसल्यास तिचा धूर गणितात शिरत नाही. मग दिल्लीत पोचलेल्या धुराचे खापर आपोआप दुसऱ्या कशावर तरी फुटते. टक्का खाली येतो, मंत्री समाधान व्यक्त करतात, आणि पुढच्या वर्षी बेलरसाठी मागितलेल्या पैशांवर प्रश्नचिन्ह उमटते.

शेवटचा आक्षेप सर्वांत न्याय्य आहे. हे सगळे बोलून आपण दिल्लीच्या पापाचे गाठोडे पुन्हा पंजाबच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवत नाही का? पराळीचा धूर फार तर काही आठवड्यांचा. डिसेंबर आणि जानेवारीत पंजाबात एक काडी पेटत नाही, तरी दिल्लीची हवा विषारीच असते. ती दिल्लीची स्वतःची कमाई असते. म्हणूनच खरा आकडा हवा. आगींचा आकडा फुगवला तर दिल्लीला निमित्त मिळते, आकसवला तर पंजाब सरकारला. शेतकऱ्याच्या हाती दोन्ही वेळा काही लागत नाही. ज्याने यंत्र भाड्याने घेऊन धसकटे जमिनीत गाडली आणि ज्याने पाचला काडी लावली, ते दोघेही आजच्या मोजणीत सारखेच निर्दोष ठरतात. यात पहिल्यावर जो अन्याय होतो त्याबद्दल कुणी बोलत नाही.

करायचे काय, हे फार अवघड नाही. आगींची संख्या मुख्य आकडा म्हणून छापणे बंद करावे. जळालेले हेक्टर छापावेत, त्यासोबत भूस्थिर उपग्रहांवरून काढलेला दिवसाचा आलेख द्यावा, आणि जमिनीवरच्या यंत्रांनी मोजलेल्या पीएम २.५ शी तो ताडून पाहावा. तिन्ही गोष्टींची सामग्री आजच उपलब्ध आहे. सेंटिनेलची चित्रे तर कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. तोवर, पुढच्या ऑक्टोबरात ‘पंजाबात आगी इतक्या टक्क्यांनी घटल्या’ अशी बातमी वाचाल, तेव्हा त्या किती वाजता मोजल्या हे बातमीत दिले आहे का, तेवढे पाहा.